लेपर्ड गेकोचे संगोपन

लेपर्ड गेको (शास्त्रीय नाव: युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) ही जमिनीवर राहणारी, निशाचर पालीची एक प्रजाती असून जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये तिची गणना होते. पिवळसर अंगावरील काळ्या ठिपक्यांमुळे तिला बिबट्यावरून हे नाव मिळाले. शांत स्वभाव, लहान आकार आणि तुलनेने मर्यादित गरजा यांमुळे हा प्राणी नवशिक्या पालकांसाठी योग्य मानला जातो. मात्र बंदिवासात त्याचे आयुष्य साधारणतः १५ ते २० वर्षांचे असते आणि त्याच्या बहुतेक आजारांचे मूळ चुकीचे तापमान, अपुरे कॅल्शियम किंवा अयोग्य निवारा यांत असते. नव्याने घरी आणलेल्या गेकोच्या बाबतीत पहिले काही आठवडे विशेष महत्त्वाचे ठरतात.

ओळख व नैसर्गिक अधिवास

या प्रजातीचे वर्णन एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये केले. प्रजातीच्या नावातील 'मॅक्युलॅरियस' हा शब्द ठिपका या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील खडकाळ, कोरडा गवताळ व अर्धवाळवंटी प्रदेश हा तिचा अधिवास होय. दिवसा ती दगडांखाली किंवा बिळांत राहते आणि सूर्यास्तानंतर भक्ष्यासाठी बाहेर पडते. हिवाळ्यात थंड प्रदेशातील गेको काही काळ निष्क्रिय राहतात.

घरातल्या भिंतीवरील पालीपेक्षा लेपर्ड गेको दोन बाबतींत वेगळा आहे. त्याला हलणाऱ्या पापण्या असतात आणि त्याच्या बोटांना चिकटणारे तळवे नसतात, त्यामुळे तो काचेवर चढू शकत नाही. प्रौढ गेकोची लांबी सुमारे १८ ते २८ सेंटिमीटर आणि वजन साधारणतः ४५ ते ८० ग्रॅम असते. जाड शेपटीत चरबी साठवलेली असते. संकटात तो शेपटी टाकून पळतो. नवी शेपटी उगवते, परंतु ती आखूड व बुटकी असते आणि साठवलेली चरबी गेल्यामुळे प्राणी काही काळ अशक्त होतो. हा प्राणी विषारी नाही. उत्तर भारतात या वर्गातील पालींना 'बिसखोपरा' म्हणून घातक समजले जाते, त्या समजुतीला आधार नाही.

दत्तक घेताना करावयाची पाहणी

निरोगी गेकोचे डोळे स्वच्छ व पूर्ण उघडे असतात, शेपटी मानेइतकी किंवा त्याहून थोडी जाड असते आणि चालताना पोट जमिनीपासून वर उचललेले असते. बोटे पूर्ण आहेत का, जबडा सरळ व टणक आहे का, गुदद्वाराभोवती विष्ठा चिकटलेली आहे का, हे पाहिले जाते. बारीक झालेली शेपटी, वाकलेले पाय, मऊ जबडा आणि चालताना थरथरणे ही आजाराची लक्षणे आहेत.

प्रौढ गेको दुसऱ्या पालकाकडून घेतला जात असल्यास त्याचे वय, शेवटचे नोंदवलेले वजन, खाद्याचा प्रकार, खाण्याचा क्रम, वापरलेली कॅल्शियमची भुकटी आणि पूर्वीचे आजार यांची माहिती घेणे उपयुक्त ठरते. घरी आणल्यावर उपासमारीमुळे घटलेले वजन आणि नव्या जागेच्या ताणाने घटलेले वजन यांतील फरक या माहितीवरूनच ओळखता येतो.

पहिले काही आठवडे

नव्या जागी आलेला गेको बहुधा लपून राहतो आणि काही दिवस अन्न घेत नाही. चरबी साठवलेल्या प्रौढ प्राण्याला यामुळे सहसा धोका नसतो. पिल्लांमध्ये मात्र अधिक दक्षता लागते. साधारणतः एक ते दोन आठवडे त्याला हातात घेतले जात नाही. या काळात पाणी बदलणे, संध्याकाळी अन्न देणे, विष्ठा उचलणे आणि तापमान तपासणे एवढ्याच हालचाली केल्या जातात. काचपेटी आधीच तयार करून तापमान एक-दोन दिवस स्थिर झाल्यावर प्राणी आणला जातो.

ग्रॅम मोजणाऱ्या स्वयंपाकघरातील काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून नोंद ठेवणे ही सर्वांत विश्वासार्ह देखरेख मानली जाते, कारण गेको दुखणे दीर्घकाळ लपवतो आणि शेपटीतील चरबी कमी होईपर्यंत बदल डोळ्यांना दिसत नाही. वजन सतत घटत राहिल्यास पशुवैद्याचा सल्ला घेतला जातो. घरात आधीपासून दुसरे सरपटणारे प्राणी असल्यास नवा प्राणी वेगळ्या खोलीत, वेगळ्या साहित्यासह काही आठवडे ठेवला जातो आणि त्याची विष्ठा परजीवींसाठी तपासून घेतली जाते.

काचपेटी

एका प्रौढ गेकोसाठी सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच काचपेटी उपयुक्त समजली जाते. जमिनीवर वावरणारा प्राणी असल्याने उंचीपेक्षा लांबी-रुंदीला महत्त्व असते. पेटीत किमान तीन लपण्याच्या जागा असाव्यात: एक उबदार बाजूस, एक थंड बाजूस आणि एक ओलसर. ओलसर जागेसाठी झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओले शेवाळ किंवा ओला कागदी रुमाल ठेवला जातो. पेटीतील सर्वसाधारण आर्द्रता ३० ते ४० टक्के पुरते. ओलसर जागेचा उपयोग कात टाकताना होतो.

तळाला सुरुवातीच्या काळात कागद अंथरला जातो, कारण त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते आणि स्वच्छता सोपी होते. नंतर खरबरीत फरशी किंवा घट्ट दाबलेले माती-वाळूचे मिश्रण वापरता येते. सुटी वाळू, विशेषतः कॅल्शियमयुक्त म्हणून विकली जाणारी वाळू, टाळली जाते. अशक्त किंवा कॅल्शियमची कमतरता असलेला गेको ती गिळतो आणि आतड्यात अडथळा निर्माण होतो. उथळ भांड्यात रोज ताजे पाणी असावे.

उष्णता व प्रकाश

सरपटणारे प्राणी शरीराचे तापमान आतून राखू शकत नाहीत. गेकोला अन्न पचवण्यासाठी पुरेशी ऊब लागते. म्हणून पेटीची एक बाजू उबदार व दुसरी थंड ठेवली जाते. उबदार बाजूच्या पृष्ठभागाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूचे २२ ते २५ अंश सेल्सिअस असावे. प्राणी गरजेप्रमाणे स्वतः जागा बदलतो. दोन्ही टोके सारखीच तापल्यास त्याला थंड होण्यास जागा उरत नाही.

उष्णतेसाठी वरून लावलेला दिवा किंवा पेटीखालील तापपट्टी वापरतात. दोन्हींना थर्मोस्टॅट जोडणे आवश्यक असते, कारण नियंत्रणाविना तापपट्टीमुळे पोटाला भाजते. वीज लावून तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने टाळले जातात. तापमान पेटीच्या भिंतीवर नव्हे, तर प्राणी बसतो त्या पृष्ठभागावर मोजले जाते. प्रकाश १२ ते १४ तास आणि उरलेला काळ अंधार असा क्रम ठेवला जातो. रात्री लाल किंवा निळा दिवा लावत नाहीत.

पूर्वी निशाचर असल्यामुळे या प्राण्याला अतिनील किरणांची गरज नाही, असे मानले जात असे. अलीकडे मंद अतिनील-ब प्रकाश देण्याची शिफारस केली जाते, कारण त्यामुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते. अशा दिव्याबरोबर भरपूर सावली असावी लागते. अल्बिनो जातींचे डोळे प्रखर प्रकाशास संवेदनशील असतात.

आहार

लेपर्ड गेको कीटकभक्षी आहे. फळे व भाज्या तो पचवू शकत नाही. रातकिडे, दुबिया झुरळे, रेशीमकिड्याच्या अळ्या आणि मीलवर्म हे त्याचे नेहमीचे खाद्य होय. मेणकिड्याच्या अळ्यांत चरबी जास्त असल्याने त्या क्वचितच दिल्या जातात. कीटकाची रुंदी साधारणतः गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी. पिल्लांना रोज, तर प्रौढांना आठवड्यातून दोन ते तीन वेळा अन्न दिले जाते. न खाल्लेले रातकिडे पेटीत ठेवल्यास ते झोपलेल्या गेकोला चावतात, म्हणून ते बाहेर काढले जातात.

बाजारातील कीटकांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फार कमी असते. ही उणीव दोन मार्गांनी भरून काढली जाते. कीटकांना गेकोला देण्यापूर्वी एक-दोन दिवस पालेभाज्या, गाजर व धान्य असे पौष्टिक अन्न खायला घालतात. आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरतात. अतिनील दिवा नसल्यास ड३ जीवनसत्त्वयुक्त भुकटीचा ठरावीक अंतराने वापर केला जातो; तिचा अतिरेकही घातक असतो. बागेतून पकडलेल्या कीटकांत कीटकनाशकांचे अंश व परजीवी असू शकतात. काजवे सरड्यांसाठी विषारी असल्याने ते कधीही देत नाहीत.

कात टाकणे

प्रौढ गेको साधारणतः चार ते आठ आठवड्यांनी कात टाकतो, तर वाढते पिल्लू त्याहून लवकर टाकते. त्याआधी अंग फिके व पांढुरके दिसते. टाकलेली कात तो स्वतः खातो. ही नैसर्गिक सवय आहे. बोटांवर अडकलेली कात रक्तपुरवठा तोडते आणि बोट गळून पडते. अशी कात दिसल्यास पाय कोमट पाण्यात भिजवून ती ओल्या कापसाच्या बोळ्याने हळूच सोडवतात. कोरडी कात ओढून काढणे किंवा डोळ्यांवरील कात घरीच काढण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे असते.

हाताळणी व एकत्र ठेवणे

रुळलेल्या गेकोला वरून पकडण्याऐवजी त्याच्यासमोर हात ठेवून त्यास स्वतः चढू दिले जाते. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा भासतो. शेपटी कधीही धरली जात नाही. शेपटी उचलून हळू हलवणे हा भीतीचा किंवा सावधगिरीचा इशारा असतो.

दोन नर एकत्र ठेवल्यास गंभीर मारामारी होते. नर व मादी एकत्र राहिल्यास मादीवर सततच्या अंडी घालण्याचा ताण येतो. माद्यांमध्येही एक वरचढ होऊन दुसरीचे अन्न व उबदार जागा बळकावते. त्यामुळे एका पेटीत एकच गेको ठेवणे इष्ट मानले जाते. एकटेपणाचा त्याला त्रास होत नाही. नराशिवाय राहणारी मादीही कधीकधी अफलित अंडी घालते.

आजार

कॅल्शियम किंवा ड३ जीवनसत्त्वाच्या अभावाने चयापचयजन्य अस्थिविकार होतो. हाडे मऊ होऊन पाय वाकतात, जबडा लवचीक होतो आणि झटके येतात. लवकर उपचार केल्यास प्रकृती सुधारते, परंतु वाकलेली हाडे पूर्ववत होत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या संसर्गात भूक मंदावून शेपटी काडीसारखी बारीक होते. तो सहज पसरतो आणि त्यावर खात्रीशीर इलाज नाही. आतड्यातील अडथळा, श्वसनसंसर्ग आणि मादीच्या पोटात अंडी अडकणे हेही विकार आढळतात.

निवडक प्रजननातून तयार झालेल्या काही रंगजाती आनुवंशिक विकारांशी जोडलेल्या आहेत. 'एनिग्मा' जातीत तोल जाणे व गोल फिरणे ही मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात, तर 'लेमन फ्रॉस्ट' जातीत त्वचेतील रंगद्रव्य पेशींच्या गाठी होतात. नवीन प्राणी निवडताना रंगापेक्षा वंशाच्या आरोग्याचा विचार केला जातो.

इतर सरपटणाऱ्या प्राण्यांप्रमाणे गेकोच्या विष्ठेत साल्मोनेला जीवाणू असू शकतात. हाताळल्यानंतर साबणाने हात धुतले जातात आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात धुतली जात नाहीत. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी विशेष काळजी घेणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती

लेपर्ड गेकोच्या प्रजाती भारतात निसर्गतः आढळतात. महाराष्ट्र व गुजरात येथे पश्चिम भारतीय लेपर्ड गेको (युब्लेफॅरिस फुस्कस) आढळतो. सातपुड्याच्या डोंगररांगांतील युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या प्रजातीचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचीतील वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध असून 'शिकार' या संज्ञेत प्राणी पकडणे व सापळ्यात अडकवणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे शेतात किंवा डोंगरात सापडलेला गेको घरी आणून पाळणे हे पाळीव प्राणी दत्तक घेण्यासारखे नाही. असा प्राणी दिसल्यास त्याला तेथेच राहू देणे, आणि तो जखमी असल्यास वन विभागास कळवणे, हा योग्य मार्ग समजला जातो. बंदिवासात जन्मलेला प्राणी घेण्यापूर्वीही त्याचे मूळ व लागू असलेले नियम यांची वन विभागाकडून खात्री करून घेणे आवश्यक ठरते. पाळीव गेको निसर्गात सोडून देणे त्या प्राण्याला आणि स्थानिक प्रजातींना, दोघांनाही हानिकारक असते.