पहारेकऱ्यावर पहारा

मोटारीचा ब्रेक निकामी झाला तर चालकाला तत्काळ कळते. दिवा गेला तर रस्त्यावरचा माणूस ओरडून सांगतो. पण धुराच्या नळीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला, तर बहुधा कुणाला पत्ताही लागत नाही. गाडी पूर्वीसारखीच पळते. फरक पडतो तो मागून येणाऱ्याच्या छातीत. म्हणून हे साधन कुणी बसवले यापेक्षा ते काम करते की नाही हे कसे पाहिले गेले, ती हकीकत आज सांगतो.

१९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके उतरले. लोकांचा संशय कारखान्यांवर. पुढे १९५० नंतर हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने, म्हणजे पूर्वी अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणाऱ्या गृहस्थाने, दाखवून दिले की मोटारींच्या धुरातले वायूच उन्हात ओझोन तयार करतात. त्याच सुमारास यूजीन हूद्री या मूळच्या फ्रेंच इंजिनियराने धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक तयार केले. पण पेट्रोलमध्ये शिसे! शिशाचा थर बसला की उत्प्रेरक संपला. शेवटी १९७० च्या कायद्याने अमेरिकेत भाग पाडले, आणि १९७५ सालच्या बहुतेक नव्या गाड्यांत कन्व्हर्टर व टाकीत शिसेविरहित पेट्रोल आले.

आता माणसाची हुशारी पाहा. शिशाचे पेट्रोल थोडे स्वस्त. ते या गाड्यांत भरता येऊ नये म्हणून टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केलेले. तर काही मालकांनी ते ठोकून रुंद केले! चार पैसे वाचले आणि महागडा कन्व्हर्टर वाया गेला.

वर्षातून एकदा तपासणी करून हे कसे पकडणार? म्हणून १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींत पहारेकरी गाडीतच बसला. युक्ती मोठी सुंदर आहे. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे प्राणवायू ओळखणारे दोन सेन्सर असतात. इंजिनातून येणाऱ्या वायूत प्राणवायू सारखा कमीजास्त होत असतो, त्यामुळे पहिल्याचा संकेत खालीवर नाचतो. चांगला कन्व्हर्टर जादा प्राणवायू साठवतो आणि कमी पडला की सोडतो, म्हणून दुसऱ्याचा संकेत बराच संथ राहतो. दुसराही पहिल्यासारखा नाचू लागला, की समजावे, मधला गडी थकला. मग चालकासमोर पिवळा दिवा लागतो.

डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन यांनी तर रस्त्याच्या कडेने अवरक्त किरण आडवा सोडून धावत्या गाड्यांचा धूर मोजला. निम्म्याच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड जेमतेम दहा टक्के गाड्या सोडतात, असे निघाले!

आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशाचे पेट्रोल देशभर बंद व्हायला मात्र २००० साल उजाडले. नव्या गाड्यांत आता तो पिवळा दिवाही आहे. पण पेट्रोल गाडीची पीयूसी होते ती गाडी जागेवर उभी ठेवून. भरल्या गाडीने खंडाळ्याचा घाट चढताना कन्व्हर्टर काय करत होता, ते त्या कागदावर उमटत नाही.