जेसोरचे पोतदार

मंडळी, पूर्वी सरकारी खजिन्यात नाणी पारखून घेणारा एक माणूस असे. रुपया हातात घ्यायचा, वाजवून बघायचा, खोटा निघाला तर बाजूला काढायचा. आपल्याकडे त्याला पोतदार म्हणत. आडनावात तो अजून टिकून आहे. बंगालमध्ये त्यालाच पोद्दार म्हणतात. जेसोरच्या खजिन्यात दरमहा 15 रुपयांवर असाच एक पोद्दार नोकरीस लागला. त्यांचे नाव राधागोविंद चंद्र. 3 एप्रिल 1975 रोजी बारासात येथे ते वारले, तेव्हा वय 96 होते. त्यांच्या जाण्याने आकाशाकडे बघणारा केवढा मोठा माणूस गेला, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

जन्म 16 जुलै 1878 चा, जेसोरजवळच्या बागचर गावचा. आजीला पुष्कळ तारे ओळखता येत. पुढे शाळेत अक्षयकुमार दत्तांच्या ‘चारुपाठ’ या वाचनमालेत विश्वाच्या अफाट विस्तारावरचा एक धडा मुलाच्या वाचनात आला, आणि त्या धड्याने त्याला जे पछाडले ते कायमचेच. गुरुजनहो, इकडे जरा लक्ष द्या. हा विद्यार्थी प्रवेशपरीक्षेला तीनदा बसला आणि तीनदा नापास झाला! म्हणजे शाळेच्या हिशेबी तो वायाच गेला होता. पण वाचनमालेतला तो एक धडा काही वाया गेला नव्हता.

दिवसा खजिना आणि रात्री गच्ची, असा क्रम सुरू झाला. 1910 साली हॅलेचा धूमकेतू आला, तो त्यांनी मन लावून पाहिला. 1912 मध्ये पदरमोड करून इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. पंधरा रुपयांच्या नोकरीवर संसार सुरू केलेल्या माणसाने दुर्बीण घ्यायची, म्हणजे घरात काय बोलणी झाली असतील ते तुम्हीच ताडा.

मग आला 1918 चा जून महिना. श्रवण नक्षत्राचा ठळक तारा तुम्हांला ठाऊक आहे. तो ज्या गरुड तारकासमूहात आहे, तिथेच त्या रात्री राधागोविंदबाबूंना एक तारा जास्त दिसला. नुसत्या डोळ्यांनी! रोजचे आकाश पाठ असल्याखेरीज असा पाहुणा ओळखू येत नाही. इतका तेजस्वी नवतारा 1604 नंतर कुणी पाहिला नव्हता. इतर देशांतही तो काहींना स्वतंत्रपणे दिसला होता. जेसोरहून हार्वर्डच्या वेधशाळेला पत्र गेले, आणि अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेशी त्यांचा संबंध जडला.

रूपविकारी तारे म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते ते. तिमिंगलातला ‘मीरा’ तारा घ्या. सुमारे अकरा महिन्यांच्या फेऱ्यात तो डोळ्यांना दिसू लागतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. त्याचे तेज मोजायचे कसे? शेजारचे दोन स्थिर तारे घ्यायचे, एक थोडा उजळ, एक थोडा मंद. आपला तारा त्या दोहोंत कुठे बसतो ते नजरेने ठरवायचे आणि वेळेसकट टिपून ठेवायचे. इतकेच. खऱ्याखोट्या रुपयाची पारख करणाऱ्या माणसाला हे जमावे यात नवल नाही, असे मला आपले वाटते. पण हे ‘इतकेच’ वर्षानुवर्षे करायचे असते. 1954 पर्यंत त्यांनी अशी 37,215 निरीक्षणे पाठवली. पस्तीस वर्षे धरली तर दररोज जवळजवळ तीन पडतात; आणि बंगालचा पावसाळा म्हणजे महिनोन्‌महिने आभाळ झाकलेले. तेव्हा निरभ्र रात्री किती जागवल्या असतील, बघा.

1926 साली त्या संघटनेने त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण थेट अमेरिकेहून जेसोरला पाठवली. प्रत्यक्ष कुणी भेटलेले नाही. विश्वास होता तो कागदावरच्या आकड्यांवर. 1928 मध्ये फ्रेंच सरकारनेही त्यांचा सन्मान केला.

1947 ला फाळणी झाली. जेसोर पाकिस्तानात गेले. म्हाताऱ्याला बागचर सोडून पश्चिम बंगालमध्ये यावे लागले. तरीही पुढे कित्येक वर्षे त्यांचे वेध चालूच होते. अखेरचे दिवस मात्र ओढगस्तीत गेले.

शहाण्णवाव्या वर्षीचे मरण अकाली म्हणता येत नाही. हळहळ वाटते ती याची, की हार्वर्डला ज्यांचे नाव माहीत होते, ते आपल्या शाळांतून कुणाला ठाऊक नव्हते. पदवी नाही, खुर्ची नाही, मग नाव घ्यायचे कुणी?

ती सहा इंची दुर्बीण त्यांच्यानंतर वेणू बाप्पूंच्या हाती गेली. बाप्पू म्हणजे स्वतंत्र भारतातले थोर ज्योतिर्विद. त्यांच्याबरोबर फिरत फिरत ती पुढे तामिळनाडूतील कावळूरच्या वेधशाळेत पोहोचली.