शंभर वॅट ते शंभर मिलिवॅट

२ जानेवारी १९२१ च्या रविवारी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमध्ये संध्याकाळची उपासना चालू होती. वेगळेपण एवढेच, की तेथे मायक्रोफोन ठेवलेले होते. त्यांतून आवाज टेलिफोनच्या तारेने केडीकेए या रेडिओ केंद्राकडे जात होता. भाविकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घातले होते, असे सांगतात. रेडिओवरून प्रसारित झालेली ही पहिली चर्च-उपासना मानली जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत प्रार्थना पोचवण्याची नवी वाट त्यामुळे दिसली.

दोनच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या या केंद्राच्या प्रक्षेपकाची सुरुवातीची शक्ती होती अवघी १०० वॅट, म्हणजे विजेच्या एका जुन्या दिव्याइतकी! तरीही आवाज दूरवर ऐकू येई, कारण आकाश जवळजवळ रिकामे होते. शांत खोलीत कुजबुजही ऐकू येते, तसेच हे.

पुढे अनेक चर्चनी स्वतःची लहान केंद्रे काढली आणि गर्दी झाली. रात्री तर एएम रेडिओच्या मध्यम लहरी आयनांबरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर पोचतात. त्यामुळे एकाच वारंवारतेवरची केंद्रे एकमेकांत मिसळू लागली. १९२७ मध्ये फेडरल रेडिओ कमिशन स्थापन झाले. त्याने १९२८ मध्ये वारंवारतांची फेरवाटणी केली. मोठ्या केंद्रांना मोकळ्या वारंवारता मिळाल्या. लहानांच्या वाट्याला कमी शक्ती आणि वाटून घेतलेली वेळ आली. चर्चची कित्येक केंद्रे बंद पडली किंवा विकली गेली.

एक फट मात्र राहिली. अत्यल्प शक्तीच्या उपकरणांना तेथे परवाना लागत नाही. ५१० ते १७०५ किलोहर्ट्‌झ या पट्ट्यात प्रक्षेपकाच्या अखेरच्या टप्प्याला १०० मिलिवॅट, म्हणजे १०० वॅटचा हजारावा भाग, एवढीच शक्ती देता येते. शिवाय एरियल, त्याकडे जाणारी तार व भूतार मिळून लांबी ३ मीटरपेक्षा जास्त चालत नाही.

खरा चिमटा आहे तो या ३ मीटरचा. १००० किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३०० मीटर. उभे एरियल कार्यक्षम होण्यासाठी साधारण पाव तरंगलांबीचे, म्हणजे ७५ मीटर उंच हवे. ३ मीटरचे एरियल तरंगलांबीच्या शंभराव्या भागाएवढेच! त्यामुळे बरीचशी शक्ती तारांत आणि जमिनीत उष्णतारूपाने वाया जाते. आवाज पोचतो तो सामान्यतः काही शे मीटरपर्यंत. आवारात मोटारीत बसून प्रार्थना ऐकणाऱ्यांना किंवा चर्चच्या शेजारपाजारच्या घरांना तो पुरतो, शहराला नाही.

विद्यार्थ्यांना १६०० किलोहर्ट्‌झसाठी हेच गणित करायला सांगावे (पाव तरंगलांबी सुमारे ४७ मीटर येते). मग त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला लहान प्रक्षेपकाचा अधिक निभाव का लागतो, ते त्यांना आपोआप कळेल. त्यानंतर एक प्रश्न वर्गापुढे ठेवावा : आकाश सर्वांचे असेल, तर ते थोड्या मोठ्या आवाजांना द्यावे की पुष्कळ लहान आवाजांना? या प्रश्नाचे उत्तर केवळ भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही.