उसन्या त्वचेचा इतिहास

१९८९ साली मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझी आतेबहीण स्टोव्हच्या भडक्यात निम्म्याहून अधिक भाजली. जखमा झाकायला त्वचा हवी, ती तिच्याच अंगावरून काढावी लागते आणि काढण्याजोगी जागा फारशी उरलेली नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. "माझी घ्या," असे आत्या म्हणाली. त्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमची त्वचा तिच्या अंगावर टिकणार नाही." बाराव्या दिवशी जंतुसंसर्गाने ती गेली. डॉक्टरांचे विधान शास्त्रीयदृष्ट्या खरे होते. पण 'टिकणार नाही' याचा अर्थ 'उपयोगाची नाही' असा होत नाही, हे मला फार उशिरा कळले.

एका जागची त्वचा दुसरीकडे बसवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. कापलेले नाक पुन्हा घडवण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्यात कपाळाच्या त्वचेतून घडवले गेले, त्याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला आणि युरोपचे शल्यवैद्य चकित झाले. पुढे १८६९ मध्ये पॅरिसच्या रेव्हर्दाँने त्वचेचे बारीक तुकडे, तर १८७४ मध्ये जर्मनीच्या थिर्शने पातळ पापुद्रे जखमेवर लावून दाखवले. हे सारे रोग्याच्या स्वतःच्या भांडवलावर चालणारे होते. निम्मे अंग भाजले की ते भांडवलच संपते. १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन गर्डनरने मृत व्यक्तीची त्वचा भाजलेल्या जखमेवर लावल्याची नोंद प्रसिद्ध केली. पण अशी परकी त्वचा काही दिवस चिकटे आणि मग गळून पडे.

असे का होते, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळाले. १९४३ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात शल्यवैद्य गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमेवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. पहिली खेप काही काळाने नष्ट झाली. दुसरी त्याहून लवकर. शरीराने परक्याला ओळखले होते आणि ती ओळख लक्षातही ठेवली होती. प्रतिकारशक्तीच्या या अभ्यासमार्गावरच मेडावर यांना १९६० चे नोबेल मिळाले. मात्र या शोधातून परकी त्वचा व्यर्थ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते. उघड्या जखमेतून पाणी, प्रथिने आणि उष्णता सतत वाहून जातात आणि जंतूंना दार मोकळे मिळते. उसनी त्वचा दोन-तीन आठवडे राहिली, तरी तेवढा काळ ते दार बंद राहते. दरम्यान ज्या जागेवरून रोग्याची स्वतःची पातळ त्वचा काढली, ती जागा भरून येते आणि तिथूनच पुन्हा त्वचा घेता येते. म्हणजे परकी त्वचा मुदतीच्या कर्जासारखी आहे. मुदत संपते, पण तोवर घर सावरलेले असते.

आता प्रश्न उरला साठवणुकीचा. भाजण्याची घटना आणि दात्याचा मृत्यू एकाच दिवशी, एकाच गावी घडत नाहीत. १९०३ मध्येच वेन्चर या जर्मन डॉक्टरने काही दिवस थंड जागी ठेवलेली त्वचा वापरून दाखवली होती. शीतकपाटामुळे ही मुदत दोन-तीन आठवड्यांवर गेली. १९४९ मध्ये लंडनमध्ये कोंबड्याचे शुक्राणू गोठवण्याचे प्रयोग चालू असताना बाटलीवरच्या चिठ्ठीच्या घोटाळ्याने एक गोष्ट उघड झाली : ग्लिसरीनमध्ये गोठवलेल्या पेशी जिवंत राहतात. (चुकीच्या चिठ्ठीने जगाचे भले झाल्याचे हे उदाहरण आम्हा कारकुनी जगातल्या माणसांना मोठे दिलासा देणारे आहे!) त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने बेथेस्डा येथे ऊतिपेढी उभारली. पुढे द्रवरूप नायट्रोजनमध्ये त्वचा गोठवता येऊ लागली. पण त्याला महागडी यंत्रणा लागते.

गरीब देशांच्या दृष्टीने खरा बदल नेदरलँड्समध्ये झाला. बेव्हरवाइक येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्वचापेढीने १९८० च्या दशकात ८५ टक्के ग्लिसरीनमध्ये त्वचा ठेवण्याची पद्धत रूढ केली. ग्लिसरीन त्वचेतले पाणी शोषून घेते. पेशी मरतात, परंतु वीण शाबूत राहते आणि जंतूंनाही थारा मिळत नाही. साबण करताना निघणारा हा स्वस्त पदार्थ आणि साधे शीतकपाट, एवढ्यावर त्वचा काही वर्षे राहते. धान्याचा राखीव साठा ज्या कारणाने करायचा, तेच कारण येथे आहे : पीक हंगामात येते आणि भूक केव्हाही लागते. २०१५ मध्ये तैवानच्या एका जलक्रीडा उद्यानात रंगीत भुकटीचा भडका उडून सुमारे ५०० जण भाजले, तेव्हा नेदरलँड्सच्या साठ्यातून तिकडे त्वचा जाऊ शकली.

आपल्याकडे पहिली त्वचापेढी २००० साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात निघाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये २००९ मध्ये आणि दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात थेट २०२३ मध्ये. कायदाही मागून चालत आला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात अवयवाची व्याख्या अशी होती : जो पूर्णपणे काढल्यास शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही, असा भाग. ज्या त्वचेचा वरचा थर पुन्हा येतो, तिला या व्याख्येत कुठे बसवायचे? २०११ च्या दुरुस्तीने 'ऊती' हा शब्द कायद्यात आणि त्याच्या नावातही आला, ऊतिपेढ्यांना नोंदणी लागू झाली आणि २०१४ मध्ये नियम निघाले. कर्मचारी, शीतकपाट, निधी यांची मागणी फाइलवर यायची तर आधी त्या वस्तूला कायद्यात नाव लागते. हे नाव मिळायला सतरा वर्षे लागली. शिवाय कायमस्वरूपी मालमत्ता दाखवता येईल तिथे आम्ही सहज खर्च करतो. तीन आठवड्यांनी गळून पडणाऱ्या गोष्टीचा लाभ कोणत्या रकान्यात भरावा, हे आमच्या नमुन्यांना उमगत नाही.

पण दोष केवळ नमुन्यांचा नाही. २०१६ मध्ये माझी आई मुंबईत घरीच वारली. वय ७४, हृदयविकार. मी दिल्लीत होतो. धाकट्या भावाने फोनवर विचारले, "दादा, पुढे काय करू?" मी म्हणालो, "मी येईपर्यंत थांबा." मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचा काढावी लागते. पथक घरी येऊ शकते. मांड्या, पाय आणि पाठ यांवरून कागदासारखा पातळ थर काढायला पाऊण तास पुरतो, चेहऱ्याला हात लावला जात नाही, रक्तगट जुळण्याची गरज नसते. हे सारे मला त्या दिवशीही ठाऊक होते. आतेबहिणीच्या आठवणीमुळे मी या विषयावर वर्षानुवर्षे वाचत आलो होतो. तरी विमानात बसलो तेव्हा पाच तास होऊन गेले होते आणि ती गोष्ट मला तिसऱ्या दिवशी, अस्थी विसर्जित करून परतताना आठवली.

नोकरीत लागल्यावर आम्ही पहिल्याच आठवड्यात भविष्यनिर्वाह निधीच्या नामनिर्देशनाचा अर्ज भरतो. आपल्यामागे पैसा कोणाला द्यावा, हे तिशीच्या आतच लिहून ठेवतो. माझ्या त्या कागदांच्या पाकिटात आता आणखी एक चिठ्ठी आहे. तिच्यावर त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक आहे आणि खाली एकच ओळ : "माझी वाट पाहणाऱ्यांनी आधी इथे फोन करावा." चिठ्ठी पत्नीने वाचली आहे, मुलाने वाचली आहे आणि भावाला मी स्वतः वाचून दाखवली आहे.