व्हायब्राफोन: शैली अनेक, रियाज एकच

व्हायब्राफोन शिकू पाहणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो: आधी एक शैली धर. जॅझचा हात वेगळा, पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वेगळा, लॅटिनचा आणखी वेगळा. या मताच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो तो वाद्याच्या मोटरचा दाखला. पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी मोटरने फिरणाऱ्या चकत्यांमुळे आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो. ही लाट म्हणजे जॅझ, आणि ती बंद केली की अभिजात, असं समजलं जातं. पण मिल्ट जॅक्सन यांनी त्या चकत्या संथ फिरवून आपला स्वर घडवला, तर गॅरी बर्टन यांनी मोटर बंदच ठेवली. दोघेही जॅझचेच! तेव्हा हा फरक वादकावादकांतला झाला. त्यावरून शैलींमध्ये भिंत उभी राहत नाही.

वाद्याची रचनाही या मताच्या विरोधात जाते. पियानोत बोट उचललं की तेवढाच स्वर थांबतो. व्हायब्राफोनच्या ३७ धातूच्या पट्ट्यांना मात्र मिळून एकच फेल्टची दांडी असते. पेडल दाबलं की सगळ्या मोकळ्या, सोडलं की सगळ्या मुक्या. इथे स्वर काढणं सोपं. नेमका हवा तोच थांबवणं महाकठीण.

करूनच पाहा. पेडल दाबून धरा. खालचा सी वाजवून घुमू द्या. उजव्या मॅलेटने (पट्टी वाजवायच्या काठीने) वरचा एफ वाजवा, मग डाव्याने ई वाजवताना त्याच क्षणी उजव्या मॅलेटचं डोकं एफवर अलगद टेकवा. एफ मिटतो, ई उरतो, सी घुमतच राहतो. टेकवायला उशीर झाला तर शेजारचे दोन स्वर एकमेकांत घोटाळतात, घाई झाली तर सुरावट तुटते, आणि जोर जास्त झाला तर मॅलेटचाच ‘टक्’ ऐकू येतो. डेव्हिड फ्रीडमन यांनी पेडल आणि स्वर दाबणं या दोनच विषयांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते उगीच नाही. बाखची सुरावट असो, ब्लूजची असो की मुलातू अस्तातके वाजवतात तशी इथिओपियाची पंचस्वरी, ही अडचण प्रत्येक ठिकाणी तीच असते.

बर्टन यांचंच पाहा. १९६७ मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री वादकांसोबतचा ‘टेनेसी फायरबर्ड’ आणि रॉककडे झुकणारा ‘डस्टर’ हे दोन्ही अल्बम आले; १९८६ मध्ये ते माँत्रोला आस्तोर पियात्सोला यांच्याबरोबर टँगो वाजवत होते. चार मॅलेट धरायची त्यांची पकड आज त्यांच्याच नावाने शिकवली जाते. प्रत्येक शैलीसाठी वेगळा हात लागतो असं म्हणणाऱ्यांनी हे तिन्ही एकापाठोपाठ ऐकावेत.

विरोधी मतातली एक गोष्ट मात्र पूर्ण खरी आहे. स्विंगची लय किंवा लॅटिनचा क्लावे हा तालाचा साचा हाताच्या कसरतीने येत नाही. त्यासाठी त्या संगीतात वर्षानुवर्षं कान मुरावा लागतो. लॅटिन संगीतातले टिटो पुएंते व्हायब्राफोन वाजवत, तसेच टिंबालेस हे ढोलही; त्यांची लय तिथे पक्की झालेली होती. पण हे काम कानाचं आहे. त्यासाठी हाताला एका शैलीत डांबून ठेवण्याचं कारण नाही.

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला शैली निवडायला लावू नका. मोटर बंद करा, त्याला पेडल दाबून ठेवायला सांगा आणि एकच सुरावट मॅलेटने एकेक स्वर मिटवत वाजवून घ्या. ऐकायला मात्र पहिल्या दिवसापासून सगळं द्या.