मान्यता एका दिवसाची, मैत्री चाळीस वर्षांची



आधी राज्य स्थापन होते आणि मग त्याचे राजदूत नेमले जातात, असा सर्वसाधारण क्रम असतो. इस्राएलच्या बाबतीत राज्याचे दूत राज्यापूर्वीच घडू लागले होते. ज्यूइश एजन्सीचा राजकीय विभाग हे आपल्या परराष्ट्र खात्याचे बीज होय. १९३३पासून त्याची धुरा मोशे शरेत यांच्याकडे होती. पुढे ब्रिटिश अंमल चालू असतानाच एजन्सीने यरुशलेममध्ये भावी अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. ऑक्सफर्डला अध्यापन केलेले वॉल्टर एतान तिचे प्रमुख होते.

१४ मे १९४८ रोजी राज्याची घोषणा झाली. शरेत पहिले परराष्ट्रमंत्री झाले, तर एतान खात्याचे पहिले महासंचालक. नवे राज्य अस्तित्वात आल्यावर अवघ्या अकरा मिनिटांत अमेरिकेने मान्यता दिली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या टंकलिखित निवेदनात ‘ज्यू राज्य’ असे शब्द होते. ते खोडून ‘इस्राएल राज्य’ असे हाताने लिहावे लागले, इतकी ती घाई होती. वर्षभरात, ११ मे १९४९ रोजी, इस्राएल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

परंतु मान्यता निराळी आणि संबंध निराळे. हा भेद आपल्या समाजाइतका कोणी अनुभवला असेल? भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली; १९५३ साली मुंबईत इस्राएलचे कॉन्सुलेट सुरू झाले. मात्र दिल्लीत वकिलात नव्हती आणि इस्राएलमध्ये भारताची कचेरीही नव्हती. मी तरुणपणी कागदपत्रे घेऊन मुंबईच्या त्या कचेरीत गेलो, तेव्हा जन्मभूमी आणि पितृभूमी यांच्यामध्ये एवढा एकच दरवाजा उघडा आहे, ही जाणीव मनाला बोचली होती. अखेर २९ जानेवारी १९९२ रोजी पूर्ण राजनैतिक संबंध जुळले.

मान्यता एका सहीने मिळते. संबंध मात्र मर्यादित अधिकारांनिशी, मानापमान गिळून, वर्षानुवर्षे दार उघडे ठेवणाऱ्या माणसांमुळे टिकतात. परराष्ट्र सेवेचे खरे मोल मला त्यातच दिसते. त्या दारातून जे इकडे आले, त्या ज्येष्ठांनी आपल्या आठवणी नातवंडांना अवश्य सांगाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.