मुंबईचे तांबडे पाणी आणि एका भोवऱ्याची कुळकथा

पाणी तांबडे झाले की मनुष्याच्या मनात भय आधी उभे राहते आणि जिज्ञासा मागाहून येते. २०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराने हा अनुभव आणून दिला. एरवी हिरवट दिसणारे ते खारे पाणी थोड्याच दिवसांत गुलाबी झाले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या अंगच्या रंगद्रव्याचा हा प्रताप आहे असे दिसून आले. याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. तेथून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर. समुद्रही मधूनमधून असाच रंग पालटतो, ही गोष्ट सोनाळ्याच्या मनुष्याला एरवी नवलाची वाटली असती. लोणारच्या त्या पालटानंतर तिच्यावर विश्वास ठेवणे जड जाऊ नये. मात्र लोणारचे जीव निराळे आणि समुद्राचे निराळे. रंग एक म्हणून कारण एक असे निसर्गात क्वचितच घडते. ही सावधगिरी ज्यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बाळगली, त्यांची आणि त्यांच्या हाती लागलेल्या एका इवल्याशा जीवाची ही हकीकत आहे.

डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडातील डेव्हन परगण्यात, बडले सॉल्टर्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय नोकरीत ते दाखल झाले. १८४४ ते १८४६ या काळात 'पालिन्युरस' नावाच्या सर्वेक्षणाच्या जहाजावर शल्यवैद्य म्हणून त्यांनी अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची सफर केली. पुढे मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेचे ते चिटणीस झाले. पश्चिम हिंदुस्थानच्या भूस्तरांवर त्यांनी लिहिले, आणि मुंबई बेटावरील तळ्यांत वाढणाऱ्या गोड्या पाण्यातील स्पंजांचा बारकाईने अभ्यास केला. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. त्याच सुमारास मुंबईत दुसरेही एक डॉक्टर कार्टर होते. ते हेन्री व्हँडाइक कार्टर; ग्रे यांच्या शरीरशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करणारे. आपल्या कथेचे नायक ते नव्हेत.

मुंबई बेटाच्या भोवतालचे समुद्राचे पाणी कधी कधी तांबडे होई. कोळ्यांना ते नवीन नव्हते. परंतु ते कशाने होते, याचा उलगडा करायचा तर ओंजळभर पाणी घरी आणून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवणे भाग होते. कार्टर यांनी तेच केले, आणि १८५८ साली 'ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी' या लंडनच्या मासिकात त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. मुंबईत विद्यापीठ नुकतेच स्थापन झाले होते, आणि त्याच वर्षी कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले. अशा धामधुमीच्या काळात एक डॉक्टर पाण्याच्या थेंबात डोके घालून बसला होता. त्या थेंबात त्यांना असंख्य बारीक जीव दिसले. त्यांना कार्टर यांनी 'पेरिडिनियम' या प्रजातीत बसविले आणि जातीचे नाव रक्ताच्या रंगावरून ठेवले.

नाव ठेवून ते थांबले असते, तर ही कथा येथेच संपली असती. परंतु त्यांनी त्या जीवाचा पाठपुरावा केला. तेव्हा असे आढळले की हा जीव मुळात तांबडा नाही. चपळपणे पोहत असतो तेव्हा त्याच्या अंगात वनस्पतींसारखे हिरवे द्रव्य असते. मग हळूहळू आत तेलाचे थेंब जमू लागतात, हिरवेपणा लोपतो, तांबडेपणा चढतो. आणि शेवटी पोहणे सोडून तो गोळ्यासारखा निश्चल होतो. म्हणजे तांबडा रंग ही त्याच्या आयुष्यातील एक अवस्था होती. हिरवा आणि तांबडा, चपळ आणि निश्चल, असे दोन जीव नसून तो एकच जीव आहे, हे कार्टर यांच्या टिपणाचे मर्म होय.

या निष्कर्षाचे मोल कळण्यास त्या वेळचे ज्ञान कोठवर पोचले होते ते पाहिले पाहिजे. डेन्मार्कच्या ओटो फ्रेडरिक म्युलर यांनी १७७३ साली या कुळातील काही जीवांचे वर्णन केले. पण त्यांची गणना केली ती पूर्वीच ठाऊक असलेल्या भलत्याच आदिजीवांत. बर्लिनचे एहरेनबर्ग यांनी पुढे 'पेरिडिनियम' ही प्रजाती स्थापिली. परंतु इतक्या लहान जीवांनाही मोठ्या प्राण्यांप्रमाणे जठरादी सर्व इंद्रिये असतात, असा त्यांचा आग्रह होता. एहरेनबर्ग यांनीच १८२३ साली तांबड्या समुद्रावरील तोर या बंदरात पाण्याचा लाल थर पाहिला होता. तो मात्र तंतूंसारख्या एका निराळ्याच शैवालाचा होता. कार्टर यांनी तांबड्या समुद्राच्या रंगावर १८६३ साली स्वतंत्र निबंध लिहिला. एका समुद्राचे उत्तर त्यांनी दुसऱ्या समुद्राला चिकटविले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता या जीवाच्या घडणीकडे वळू. पेरिडिनियमचा संपूर्ण देह म्हणजे एकच पेशी. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे तीस-चाळीस जीव ओळीने मावतील. आकार साधारणतः लाकडी भोवऱ्यासारखा. त्याच्या कमरेभोवती एक आडवी खाच असते, आणि तिच्यापासून खाली एक उभी खाच उतरते. खाचांच्या संगमापाशी दोन चाबूक फुटतात. शास्त्रात त्यांना कशाभिका म्हणतात. एक चाबूक मागे सुटलेला असतो. होडीच्या वल्ह्यासारखा तो जीवाला पुढे ढकलतो. दुसरा फितीसारखा चपटा असून आडव्या खाचेत कमरपट्ट्याप्रमाणे बसलेला असतो, आणि त्याच्या लाटांमुळे सारा देह गरगर फिरतो. फिरत फिरत पुढे जाणे, ही या कुळाची चाल.

या आडव्या चाबकाने मोठमोठ्या पंडितांना चकविले. खाचेत थरथरणारी ती फीत त्यांना बारीक केसांच्या रांगेसारखी दिसली. केसांनी पोहणारे आदिजीव निराळे आणि चाबकाने पोहणारे निराळे. या जीवाला दोन्ही आहेत अशी समजूत झाल्यामुळे त्याच्यासाठी दोन्ही लक्षणे जोडून एक संकरित वर्ग काढण्यात आला. कार्टर यांचे टिपण निघाले त्या सुमारास हीच समजूत रूढ होती. ती केसांची रांग नसून एकच चाबूक आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ क्लेब्स यांनी १८८३च्या सुमारास दाखवून दिले. लगेच १८८५ साली ब्युटश्ली यांनी या कुळाला 'डायनोफ्लॅजेलेटा' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'डिनोस' म्हणजे गरगर फिरणे. एका खाचेतील एक फीत नीट पाहिली आणि साऱ्या वर्गाचे नाव बदलले.

देहाबाहेरचे चिलखत हे पेरिडिनियमचे दुसरे लक्षण. सेल्युलोजचे पातळ पट्ट एकमेकांना भिडून हे चिलखत तयार होते. झाडांच्या पेशींच्या भिंतीही मुख्यतः याच द्रव्याच्या असतात. गंमत अशी की हे पट्ट अगदी बाहेर नसतात. पेशीच्या सर्वांत बाहेरच्या पापुद्र्याखाली चपट्या पिशव्या असतात, त्यांत ते घडतात. अंगरख्याच्या आत चिलखत घालावे तसा हा प्रकार. अमेरिकेतील कोफॉइड यांनी १९०९ साली हे पट्ट मोजण्याची शिस्त घालून दिली. शेंड्याकडचे पट्ट किती, खाचेच्या वरच्या ओळीत किती, खालच्या ओळीत किती, बुडाशी किती, असा हिशेब मांडायचा. पेरिडिनियमच्या शेंड्याशी ४, खाचेच्या वर ७, खाचेखाली ५ आणि बुडाशी २ पट्ट असतात. शिवाय वरच्या भागात मध्ये बसविलेले दोन-तीन असतात. ज्यांचा हिशेब जुळेना, अशा कितीतरी जाती पुढे 'पेरिडिनियम' या जुन्या ऐसपैस घरातून निघून निरनिराळ्या प्रजातींत राहावयास गेल्या.

पेशीच्या पोटात शिरले तर नवल आणखी वाढते. बहुतेक प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशींत केंद्रकातील रंगसूत्रे पेशी दुभंगण्याच्या वेळीच आखडून स्पष्ट दिसतात, आणि एरवी विरल होऊन जातात. या कुळात ती सदैव आखडलेलीच राहतात. काही जातींच्या एका पेशीतील आनुवंशिक द्रव्य मनुष्याच्या पेशीतील द्रव्याच्या कितीतरी पट भरते. कित्येक जाती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, कित्येक दुसऱ्यांना गिळून जगतात, आणि काही दोन्ही करतात. म्हणून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोन्ही शास्त्रांनी त्यांवर हक्क सांगितला, आणि त्यांची नावे ठेवताना दोहोंच्या नियमावल्या पुढे येतात.

कार्टर यांनी पाहिलेल्या निश्चल अवस्थेचे काय झाले? त्या प्रश्नाची तड लागण्यास शंभर वर्षे जावी लागली. एहरेनबर्ग यांना १८३०नंतरच्या दशकात गारगोटीच्या पातळ चकत्यांत या कुळाचे जीवाश्म सापडले होते. त्यांच्या जोडीला काटेरी गोळ्यांसारखे दुसरेही जीवाश्म होते, आणि ते कोणाचे हे कोडेच होते. १९६१ साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ इव्हिट यांनी दाखविले की त्या गोळ्यांपैकी पुष्कळसे या भोवऱ्यांचेच विसाव्याचे कोश आहेत. मग वॉल आणि डेल यांनी समुद्राच्या गाळातील जिवंत कोश प्रयोगशाळेत उगविले, आणि त्यांतून पोहणारे जीव बाहेर आले. कोश एका नावाने आणि पोहणारा जीव दुसऱ्या नावाने नोंदलेला, असे कितीतरी प्रसंगी उघडकीस आले. वेळ अनुकूल नसली की अनेक जाती कोशात शिरून गाळात पडून राहतात, आणि दिवस पालटले की पुन्हा वर येतात. शेतकऱ्याने बी राखून ठेवावे तसाच हा व्यवहार.

ही सारी चिकित्सा पंडितांचा विरंगुळा आहे, असे कोणास वाटेल. परंतु तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. १९१७ साली मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी मलबार किनाऱ्यावरील प्रचंड मत्स्यनाशाची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्याचे कारण सूक्ष्म जीवांकडे असल्याचे सांगितले. १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतील शिंपले खाल्ल्याने लोकांना विषबाधा झाली. ते विष नसा बधिर करणारे. आणि ते निर्माण करणाऱ्यांत याच कुळातील काही जाती प्रमुख आहेत. शिंपले त्या गाळून खातात, विष त्यांच्या मांसात साठते, आणि शिजविल्यानेही ते नाहीसे होत नाही. अशा विषारी जाती आणि त्यांच्या निरुपद्रवी बहिणी यांत पुष्कळदा एखाद्या पट्टाच्या आकाराचा किंवा जागेचाच फरक असतो. पाणी तांबडे झाले म्हणून ते विषारीच असे नाही. आणि पाणी निर्मळ दिसले म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. तिसऱ्या आणि कालवे आवडीने खाणाऱ्या कोकणाला ही गोष्ट परकी नाही.

डॉक्टर कार्टर १८६०नंतरच्या काही वर्षांतच मायदेशी परतले आणि आपल्या जन्मगावी राहून स्पंजांच्या अभ्यासात गढून गेले. रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्यांना १८५९ साली मिळाले होते; १८७२ साली त्या सोसायटीने त्यांना राजपदकही दिले. १८९५ साली ते वारले.

त्यांच्या मागे या भोवऱ्याच्या कुळकथेला आणखी एक वळण मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊ लागली, तेव्हा पट्टांच्या त्या चपट्या पिशव्या पुन्हा महत्त्वाच्या ठरल्या. तशाच पिशव्या पापुद्र्याखाली बाळगणारे आणखी दोन मोठे गट या भोवऱ्यांचे जवळचे आप्त निघाले. एक गट हिवतापाच्या जंतूचा. आणि दुसरा, केसांनी पोहणाऱ्या त्याच आदिजीवांचा, ज्यांच्याशी जुन्या पंडितांनी चुकीच्या खुणेवरून याची सोयरीक जोडली होती! खूण खोटी ठरली. नाते मात्र अगदीच खोटे नव्हते.

नाव ठेवणे ही शास्त्राची सुरुवात असते, शेवट नव्हे. ज्याने तांबडे पाणी पाहून तांबड्या जीवाचे नाव ठेवले, त्यानेच तो जीव आधी हिरवा असतो हेही सांगितले. एका क्षणाचे रूप पाहून निवाडा करू नये, जीवाचे सगळे आयुष्य पाहावे, हा मुंबईच्या किनाऱ्यावरील त्या ओंजळभर पाण्याचा धडा आहे. लोणारचे पाणी असो की अरबी समुद्राचे, पुन्हा कधी ते तांबडे झाले तर भयाच्या पाठोपाठ जिज्ञासेलाही तितक्याच लवकर पोचता आले पाहिजे.